जुन्या रशियन हस्तलिखितांतली होडी वाचायची कशी: चित्रापासून लाकडापर्यंत, पायरी-पायरीने

बहुतेकांची सुरुवात एकाच चित्राने होते. चाकं लावलेल्या होड्या जमिनीवरून शहराकडे चालल्यात, आत माणसं बसलीयत, आणि खाली कॅप्शन असते "इ.स. ९०७ मधलं रशियन जहाज". मग त्यावरून कोणी मॉडेल करायला घेतं, कोणी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये टाकतं, कोणी डोकी मोजून होडीची लांबी काढतं. चित्र अस्सल आहे, जुनंही आहे, पण ९०७ चं नाहीये. ते पंधराव्या शतकाच्या शेवटी काढलंय, म्हणजे घटना आणि चित्र यांच्यात जवळजवळ सहाशे वर्षं गेलीयत. मी पण पहिल्या मॉडेलला हेच केलं होतं, चित्रातल्या रेषा मोजून तेवढ्याच फळ्या लावल्या, दोन महिने त्यात गेले, आणि नंतर त्याच हस्तलिखिताची पुढची पानं नीट बघितल्यावर सगळं सोडवून परत करावं लागलं. तो वेळ तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय. क्रम पाळा, कारण इथे चुका माहिती कमी असल्यामुळे होत नाहीत, पायऱ्या उलटसुलट केल्यामुळे होतात.

## आधीची तयारी

कुठल्या हस्तलिखितातलं चित्र आहे हे कळल्याशिवाय पुढे जायचंच नाही. होड्या शोधणाऱ्याला मुख्यतः तीन नावं लागतात.

राडझिविल क्रॉनिकल: पंधराव्या शतकाचा शेवट, कागदावर, सहाशेहून जास्त छोटी चित्रं, सेंट पीटर्सबर्गला विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आहे. यातला मजकूर १२०६ पर्यंतच्या घटनांचा आहे. चाकांच्या होड्या यातल्याच.

लित्सेवॉय स्वोद: रशियाचा झार इव्हान द टेरिबल याच्यासाठी केलेला सचित्र इतिहास, साधारण १५६८ ते १५७६, दहा खंड, सोळा हजारांहून जास्त चित्रं. खंड मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये विभागलेले आहेत. होड्या, तराफे, सुतार, लाकूडतोडे, सगळं यात भरपूर सापडतं.

सिल्व्हेस्टर संग्रह: चौदाव्या शतकातला, बोरिस आणि ग्लेब या दोन राजपुत्रांच्या गोष्टीची चित्रं यात आहेत. चित्रं कमी आहेत, पण आधीच्या दोन्हींपेक्षा जुनी, म्हणून तुलनेला फार उपयोगी.

मग एक साधी शीट बनवा, वहीत किंवा एक्सेलमध्ये. सात रकाने: घटना कधीची, मजकूर कधीचा, चित्र कधीचं, मजकूर होडीबद्दल काय म्हणतो, चित्रात काय दिसतं, लाकूड किंवा दुसरा लेखी पुरावा काय म्हणतो, आणि शेवटी तुमचं मत. शेवटचा रकाना सगळ्यात शेवटीच भरायचा, आधी भरलात की बाकीचे सहा तुम्ही नकळत त्याच्याकडे वळवता.

सावधान: कापलेला स्क्रीनशॉट घेऊ नका. पूर्ण पान घ्या, मजकुरासकट. शिवाय राडझिविलची एक नक्कल पीटर द ग्रेटने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला करून घेतली होती (मूळ प्रत तेव्हा क्योनिग्सबर्गमध्ये होती, ती रशियात आली १७६१ साली). नकलेतल्या रेषा मूळ समजून चाललात तर अजून दोनशे वर्षं पुढे सरकता.

## पायरी १: तीन तारखा वेगळ्या करा

प्रत्येक चित्राला तीन तारखा असतात आणि लोक त्यातली एकच बघतात. चाकांच्या होड्यांचं, म्हणजे कीव्हचा राजा ओलेग याने कॉन्स्टँटिनोपलवर केलेल्या स्वारीचं उदाहरण घेऊ. घटना ९०७ ची म्हणून सांगितलेली. ती सांगणारा मजकूर बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कीव्हमध्ये रचला गेला. चित्र पंधराव्या शतकाच्या अखेरचं. म्हणजे तुमच्यासमोर आहे ती दहाव्या शतकातल्या होडीबद्दल बाराव्या शतकात लिहिलेली गोष्ट, आणि ती वाचून पंधराव्या शतकातल्या माणसाने मनात आणलेली होडी.

इथे एक गुंता आहे. राडझिविलचे चित्रकार बहुधा आधीच्या एका सचित्र प्रतीवरून काम करत होते, म्हणजे काही चित्रांत अजून जुना थर असू शकतो. हे वाचलं की लोकांना मोकळं रान मिळतं, आपल्याला आवडला तो तपशील "जुन्या प्रतीतला" आणि नावडला तो "नंतरचा". असं करू नका. जुना थर म्हणायचं असेल तर त्या तपशिलाला चित्राबाहेरचा आधार पाहिजे, नाहीतर तो चित्र काढलं त्या काळाचाच धरायचा.

तपासा: शीटचे पहिले तीन रकाने भरले का? तिन्हींत एकच साल आलं असेल तर काहीतरी चुकलंय. लित्सेवॉय स्वोदमधल्या सोळाव्या शतकाच्या मध्यातल्या घटनांचा तेवढा अपवाद, तिथे घटना आणि चित्र यांत वीस-पंचवीस वर्षांचंच अंतर असतं. म्हणून नवशिक्याने सुरुवात तिथून करावी असं माझं मत आहे, प्रसिद्ध चाकांपासून नको.

## पायरी २: आधी मजकूर वाचा, मग चित्र बघा

चित्रकार शेजारचं वाक्य वाचून चित्र काढतोय हे डोक्यात पक्कं ठेवा. ओलेगच्या गोष्टीत लिहिलंय की दोन हजार होड्या होत्या, प्रत्येकीत चाळीस माणसं, त्याने होड्यांना चाकं लावायला सांगितली, वारा आला तशी शिडं भरली आणि होड्या मैदानातून शहराकडे निघाल्या. चित्रकाराने चाकं काढली कारण मजकुरात चाकं आहेत, त्यासाठी त्याने चाकांची होडी बघितलेली असायची गरज नाही. त्यामुळे त्या चाकांवरून होडीबांधणीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि नेमकं तेच चित्र सगळ्यात जास्त फिरतं.

उलटं उदाहरण जास्त कामाचं आहे. ११५१ सालच्या नोंदीत कीव्हजवळच्या नीपर नदीवरच्या लढाईचं वर्णन येतं. कीव्हचा राजा इझ्यास्लाव याने होड्या अशा हुशारीने केल्या होत्या की वल्ही दिसायची पण वल्हवणारे दिसायचे नाहीत, कारण वरून फळ्या टाकलेल्या होत्या आणि त्या फळ्यांवर चिलखत घातलेले धनुर्धारी उभे होते. सुकाणूवाले दोन, एक पुढे आणि एक मागे, म्हणजे होडी न वळवताच जिकडे पाहिजे तिकडे नेता यायची. हे वाक्य कुठल्याही चित्रापेक्षा मोलाचं आहे. यातून तीन गोष्टी कळतात. नेहमीची होडी उघडी असायची, नाहीतर झाकल्याचं कौतुक कशाला झालं असतं. नेहमी सुकाणूवाला एकच असायचा. आणि दोन्ही टोकं साधारण सारखीच असणार, नाहीतर न वळवता मागे जाणं एवढं सोपं झालं नसतं.

तपासा: चित्रात "दिसलेल्या" प्रत्येक गोष्टीसमोर खूण करा, ती शेजारच्या मजकुरात आहे की नाही. मजकुरात नसून चित्रात आहे तो तपशील तुमच्या कामाचा, कारण तो चित्रकाराने स्वतःच्या डोक्यातून आणलाय, मग ते डोळ्यांनी बघितलेलं असो नाहीतर हाताला बसलेलं वळण असो. यातलं कुठलं, ते पुढच्या पायरीत.

## पायरी ३: चित्रकाराची सवय वजा करा

ही सगळ्यात वेळखाऊ पायरी आहे आणि हीच लोक सोडून देतात.

एकाच हस्तलिखितातल्या निदान दहा होड्या एकत्र करा. यात रशियन होड्या हव्यात, बायझंटाइन म्हणजे ग्रीकांच्या हव्यात (९४१ साली कीव्हचा राजा इगोर याच्या ताफ्यावर ग्रीकांनी आग सोडली तो प्रसंग घ्या), शांततेतल्या हव्यात आणि लढाईतल्यापण. शेजारी शेजारी लावा आणि बघा काय बदलतंय, काय बदलत नाहीये. सगळ्यांत सारखंच असलेलं, उदाहरणार्थ दोन्हीकडून वर वळलेला चंद्रकोरीसारखा आकार, ते होडीपेक्षा त्या हाताबद्दल जास्त सांगतं. ग्रीकांची युद्धनौका आणि रशियन नदीतली होडी एकाच साच्यातून आली असेल तर त्या साच्यावरून दोन्हींबद्दल काही बोलता येत नाही. जे बदलतं, आणि बदलण्याला कारण आहे, तिथे माहिती असते.

मग उलट तुलना करा: प्रसंग एकच, हात वेगवेगळे. यासाठी ग्लेबच्या खुनाची गोष्ट उत्तम. १०१५ साली स्मोलेन्स्कजवळ स्म्याडिन नदीच्या मुखाशी ग्लेबला होडीतच मारलं. हा प्रसंग सिल्व्हेस्टर संग्रहात आहे, राडझिविलमध्ये आहे, आणि कोलोम्नाहून आलेल्या चौदाव्या शतकातल्या बोरिस-ग्लेबच्या आयकॉनवर, म्हणजे फळीवर रंगवलेल्या धार्मिक चित्रावरपण आहे (तो आता मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत असतो). तिन्ही ठिकाणी होडीचं टोक, वल्हं, माणसं बसायची पद्धत बघा. तीन वेगळ्या हातांत टिकलेला तपशील जरा भरवशाचा, पण तरी सिद्ध झालेला नाही, कारण धार्मिक चित्रांत एकमेकांवरून काढायची परंपराच होती.

वजा करायच्या अजून काही सवयी:

माणसं होडीपेक्षा मोठी असतात, कारण गोष्ट माणसांची आहे. म्हणून डोक्यांच्या संख्येवरून किंवा उंचीवरून होडीचं माप काढायचंच नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही.

एकाच चौकटीत तीच होडी दोनदा येऊ शकते, आधी निघताना आणि मग पोचताना. लित्सेवॉय स्वोदमध्ये हे सर्रास आहे, एकच राजा एका चित्रात तीन ठिकाणी दिसतो. दोन होड्या दिसल्या की लगेच ताफा समजू नका.

रंग म्हणजे होडीचा रंग नाही. स्वोदमध्ये शाईचं रेखाटन आणि वरून पातळ पाण्याचा रंग आहे, पिवळी होडी दिसली म्हणून मॉडेल पिवळं रंगवायचं कारण नाही.

राडझिविलमध्ये एकापेक्षा जास्त हात आहेत आणि नंतर कोणीतरी काही चित्रांवर दुरुस्त्यापण केल्यात, कपड्यांत आणि हत्यारांत पश्चिम युरोपची छाप सरळ दिसते. माणसाच्या अंगावर पंधराव्या शतकातला पोशाख असेल तर त्याच्या बुडाखालची होडी दहाव्या शतकातली कशी असेल, हा प्रश्न स्वतःला विचारायचा.

## पायरी ४: एकेक भाग वेगळा बघा

आता मोठं झूम करून भाग बघा. अख्ख्या होडीवर विश्वास ठेवायचा की नाही असा प्रश्नच घेऊ नका, प्रत्येक भागाचा भरवसा वेगळा असतो.

फळ्यांच्या रेषा. होडीच्या अंगावर आडव्या रेषा असल्या की लोक लिहितात "एकावर एक चढवलेल्या फळ्यांची बांधणी". थांबा जरा. रेषा टोकापर्यंत जाऊन एकत्र मिळतात का? रेषांवर खिळ्यांचे ठिपके आहेत का? की मध्येच तुटतात? टोकाला मिळणाऱ्या रेषा काढणाऱ्याने फळी टोकाला कशी बसते हे कधीतरी बघितलंय असं म्हणता येतं. मध्येच सुटलेल्या रेषा म्हणजे बहुतेकदा नुसती सजावट. आणि रेषांची संख्या कधीच वापरू नका, माझं पहिलं मॉडेल त्यातच गेलं.

सुकाणू. मागच्या बाजूला हातात धरलेलं मोठं वल्हं आहे की टोकाच्या लाकडाला टांगलेलं सुकाणू? टांगलेलं सुकाणू उत्तर युरोपात बाराव्या-तेराव्या शतकापासून दिसायला लागतं. त्यामुळे दहाव्या शतकातल्या प्रसंगात ते आलं तर चित्रकाराने स्वतःच्या काळातली होडी काढली याचा तो चांगला पुरावा आहे. असा कालविपर्यास सापडला की निराश होऊ नका, तो सोन्यासारखा आहे, चित्रकाराने साचा सोडून डोळ्यांवर विश्वास ठेवला तो हाच क्षण.

वल्ही. किती आहेत याला अर्थ नाही, कशी धरलीयत याला आहे. काठावर टेकवून वल्हवतायत, की काठाला न टेकवता हातानेच पाणी मारतायत? लहान आणि मोठ्या होडीतला फरक इथे पटकन दिसतो.

टोकावरचं जनावराचं डोकं. हे दिसलं की सगळे "व्हायकिंग" म्हणून मोकळे होतात. पायरी ३ परत करा, ते डोकं नावांकित राजाच्या होडीलाच येतंय का ते बघा. तसं असेल तर ते बांधणीपेक्षा मानाचं चिन्ह म्हणून जास्त वाचायला हवं.

## पायरी ५: आता लाकडाकडे या

चित्र काय दाखवत नाही ते इथे कळतं. तीन आधार आहेत.

पहिला, बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा याने दहाव्या शतकाच्या मध्यात करवून घेतलेला मजकूर. त्यात पूर्ण क्रमच आहे: स्लाव लोक हिवाळ्यात जंगलात झाडं तोडून एकाच खोडाच्या होड्या कोरतात, बर्फ वितळलं की त्या पाण्यात ढकलून नीपरमध्ये आणतात, कीव्हला विकतात. रुस लोक (कीव्हचे राज्यकर्ते आणि व्यापारी) फक्त नवी खोडं घेतात, आणि वल्ही, वल्ह्यांचे आधार वगैरे सामान जुन्या होड्या मोडून त्यांना बसवतात. जूनमध्ये ताफा निघतो. म्हणजे बांधणी दोन जागी, दोन वेगळ्या लोकांकडून आणि ऋतू बघून व्हायची. माझ्या बघण्यात आलेल्या एकाही चित्रात हे नाही.

दुसरा आधार, जुना रशियन कायदा "रुस्काया प्राव्दा". होडी चोरली तर किती भरायचं त्याची यादी त्यात आहे: समुद्रात जाणारीसाठी तीन ग्रिव्ना (तिथलं तेव्हाचं चलन), "नाबोयनाया" होडीसाठी दोन, "स्त्रुग"साठी एक, आणि छोट्या "चेल्न"साठी त्याहून कमी. कायद्याने चार प्रकार वेगळे ठेवलेत आणि चित्रकार सगळ्यांना एकच चंद्रकोर देतोय. "नाबोयनाया" हा शब्द तर सरळ बांधणीच सांगतो, कोरलेल्या खोडाच्या काठावर फळ्या ठोकून उंची वाढवलेली होडी.

तिसरा, जमिनीतून निघालेलं लाकूड. नोव्हगोरोडची माती ओली असल्यामुळे तिथे लाकूड टिकतं, १९३२ पासून चाललेल्या खोदकामांत होड्यांचे तुकडे, वाकवलेल्या बरगड्या, वल्ही निघालीयत. मोडलेल्या होडीची लाकडं लोक शहरात दुसऱ्या कामाला वापरत. स्टाराया लाडोगाला होड्यांचे लोखंडी रिव्हेट सापडतात.

हे सगळं धरून फळ्या चढवलेल्या होडीचा क्रम साधारण असा बसतो:

१. हिवाळ्यात झाड निवडून तोडणं, बाहेरून आकार देणं.
२. खोड आतून कोरणं, कुऱ्हाडीने आणि वाकसाने.
३. आतल्या बाजूला पाणी, खाली धग, आणि कडा हळूहळू बाहेर ओढून खोड रुंद करणं.
४. आकार टिकावा म्हणून आत बरगड्या बसवणं.
५. काठावर फळ्या चढवणं, मुळांनी शिवून किंवा लोखंडाने जोडून.
६. फटींत शेवाळ किंवा तागाच्या धाग्यांसारखं काही भरून वरून डांबर.

सावधान: मॉडेल करणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे आधी बरगड्यांचा सांगाडा उभा करून मग फळ्या लावणं. ती पद्धत नंतरच्या मोठ्या जहाजांची. इथे आधी कवच, मग बरगड्या.

तिसरा टप्पा खरंच शक्य आहे का असं वाटत असेल तर एस्टोनियाच्या सोमा भागात बघा, अस्पेनच्या खोडाची अशी होडी तिथले कारागीर आजही आगीवर रुंद करतात, २०२१ मध्ये युनेस्कोने ती कला तातडीने जपायच्या यादीत घेतली. व्हिडिओ बघितलात की चित्रातली चंद्रकोर वेगळीच दिसायला लागते: खोड रुंद करताना मधला भाग फाकतो आणि टोकं आपोआप वर येतात. म्हणजे पायरी ३ मध्ये आपण साचा म्हणून बाजूला ठेवलेला आकार लाकडाच्या वागण्यातून आलेलापण असू शकतो. म्हणूनच वजा केलेलं फेकून द्यायचं नसतं, शीटमध्ये ठेवायचं असतं.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं "कौंडिण्य" मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं. शिडं आणि सुकाणूची वल्ही चित्रात दिसतात, पण फळ्या काथ्याने शिवायचं ज्ञान चित्रातून नाही, हयात कारागिरांच्या हातातून आलं. रशियन होडीलाही हाच नियम लावा.

## पायरी ६: बांधकामाची चित्रं वेगळी शोधा

तरंगणारी होडी सोडून आता सुतार शोधा. लित्सेवॉय स्वोदची सुरुवात बायबलमधल्या इतिहासाने होते, त्यामुळे नोहाची नौका त्यात येते. नौकेचा आकार सोडून द्या, तो धर्मग्रंथाचा विषय आहे, पण सुतारांचे हात बघा. घरं आणि किल्ले बांधायच्या चित्रांतलेही सुतार घ्या, कारण अवजारं तीच. कुऱ्हाडीच कुऱ्हाडी दिसतील. फळ्या पाडणारी लांब करवत दिसत नाही म्हणून लोक म्हणतात चित्रकार विसरला. तो विसरला नाही. तिकडे ओंडका पाचरी ठोकून उभा फाडायचे आणि मग कुऱ्हाडीने तासायचे, करवतीने फळ्या पाडणं नीट रुजलं ते पीटरच्या काळाच्या आसपास. म्हणून एका ओंडक्यातून फळ्या फार थोड्या निघत, त्या जाड असत, आणि लाकडाच्या रेषेला धरून फाटल्यामुळे मजबूतही असत.

तपासा: तुमच्या मॉडेलच्या फळ्या पातळ, एकसारख्या, करवतीने पाडल्यासारख्या दिसतायत का? तर त्या अठराव्या शतकातल्या झाल्या.

## पायरी ७: निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक वाक्याचा कर्ता नीट ठेवा. "दहाव्या शतकात रशियन लोक अशा होड्या बांधायचे" असं लिहू नका. "पंधराव्या शतकाच्या शेवटी एका चित्रकाराने ९०७ च्या होडीला फळ्या दाखवल्या, कायद्यात फळ्या चढवलेल्या होडीचं वेगळं नाव आहे, नोव्हगोरोडला तसे तुकडे सापडतात" असं लिहा. लांब होतं, पण कोणी खोडू शकत नाही.

चित्र चुकीच्या मजकुराला जोडू नका. रशियन व्यापारी अफानासी निकितिन चौलला आला, जुन्नर-बिदरला गेला, ते १४७० च्या आसपास, आणि त्याच्या लेखाबरोबर लोक व्होल्गावरच्या होडीचं चित्र लावतात. होर्मुझहून चौलला तो ज्यातून आला त्याला तो स्वतः "तावा" म्हणतो, ते हिंदी महासागरातलं जहाज होतं, रशियन नव्हे. रेवदंड्याला त्याचं स्मारक बघायला गेलात तर हे तिथल्या मित्रांनाही सांगा.

शेवटी नमुना म्हणून चाकांच्या चित्राची ओळ भरून देतो. घटना: ९०७. मजकूर: बाराव्या शतकाची सुरुवात. चित्र: पंधराव्या शतकाचा शेवट. मजकुरात: चाकं, शिडं, चाळीस माणसं. चित्रात मजकुराबाहेरचं: टोकांचा आकार, काठ, माणसं बसायची पद्धत. लाकूड आणि लेखी पुरावा: कोरलेलं खोड, वर चढवलेल्या फळ्या, जुन्या होडीचं सामान. मत: हा रकाना दहा चित्रं शेजारी लावून झाल्यावर तुम्हीच भरा.